आडोसा

सेलूच्या आमच्या घरामागं न्हाणी होती आणि तिच्याभोवती पऱ्हाट्या-तुराट्यांची कुपाटी. आई दिवाळीनंतर सुतळीनं आवळून ती नवी करायची. पुढच्या पावसाळ्यात ती कुजायची. आजी हसायची. तिच्या माहेरी म्हणे कुणी कुपाटी बांधतच नव्हतं. फड्या निवडुंगाचा एक फड मातीत खुपसला की काही वर्षांत पुरुषभर उंच भिंत. ना माणसाची नजर आत, ना म्हैस. पोरं लाल बोंडं खाऊन जिभा रंगवत, काटे मात्र आठवडाभर काढावे लागत.

मग निवडुंगाला ‘कापूस’ धरला. पांढरा पुंजका चिरडला की बोटं रक्तासारखी लाल, असं आजी सांगायची. करणी म्हणून कुणीतरी लिंबूही उतरवून टाकलं होतं.

करणी नव्हे, कीड होती ती. निवडुंग मुळात अमेरिकेतला. 1795 मध्ये इंग्रजांनी लाल रंगाच्या लोभानं ब्राझीलहून कोचिनीलचे किडे कलकत्त्याला आणले. निघाली भलतीच जात. रंग हलका, पण निवडुंगाची एक जात तिनं फस्त केली. दुसऱ्या जातीनं रानं अडवली तेव्हा 1926 मध्ये श्रीलंकेहून दुसरी कीड मुद्दाम आणून सोडली. रानं मोकळी झाली, यात वाद नाही. पण बायकांच्या न्हाणीचा आडोसा गेला, हे कुठल्या हिशोबात धरलं असेल असं वाटत नाही.

माझ्या शाळेच्या आवारात कडू मेंदी होती. शेळी तिला तोंड लावत नाही, फांदी खोचली की जगते. मात्र कात्री चुकली की खालचा बुंधा उघडा पडतो, आणि आडोसा तर खालीच हवा असतो.

आता परभणीत घर बांधलंय. शेजारची गच्ची थेट आमच्या अंगणात डोकावते. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळं भिंतीलगत वड-उंबराचं नावही नको. नर्सरीवाला नवनवी नावं घेत होता. मी अडुळशाच्या वीतभर काड्या मागितल्या, दीड-दीड हातावर लावल्या. दोन पावसाळे झाले, छातीपर्यंत आल्यात. गच्चीवरच्या वहिनी परवा भिंतीवरून हात घालून खोकल्यासाठी पानं तोडत होत्या.