घरातलं जुनं लढाईचं पदक: मोडीत घालण्याआधी कड वाचा
सातारा, कोल्हापूरकडं बऱ्याच घरांत पणजोबांचं पदक ट्रंकेत पडून असतं. १९१४-१८ च्या लढाईचं ब्रिटिश वॉर मेडल चांदीचं. एका बाजूला पंचम जॉर्ज, दुसरीकडं उघडा घोडेस्वार. लेबर कोअरच्या मजुरांना तेच काशाचं मिळालं, म्हणून चांदी नाही एवढ्यावरून खोटं म्हणू नका. खरी ओळख कडेवर. तिथं नंबर, हुद्दा, नाव, पलटण इंग्रजीत ठोकलेली असते. स्पेलिंग वाकडंतिकडं असतंच. कड घासून पुन्हा कोरलेली दिसली तर मात्र शंका घ्या. चिंच-राखेनं घासू नका, अक्षरं जातात. आमच्या घरचं तसंच गेलं, शेवटी सोनारानं वजनावर घेतलं. शिपाई लढाईत कामी आला असेल तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या यादीत नंबर आणि पलटण ताडून बघता येते.