प्रांताचे बोलावणे

जुन्या मराठी मुलुखात गावची जमीन कसणारे दोन प्रकारचे असत, हे श्रोत्यांस ठाऊक आहेच. मिरासदाराचा हक्क वंशपरंपरेचा. सारा भरीत आहे तोवर त्याला सहसा कोणी उठवीत नसे. उपरी बाहेरगावाहून आलेला, ठरल्या मुदतीपुरता. त्याला मिरास द्यावयाची झाली तर पाटील व गावकरी मिळून मिरासपत्र करून देत. बाहेरच्या माणसाला 'तू आता इथला' असे म्हणण्याचा अधिकार गावाचा की सरकारचा, हा प्रश्न कॅनडात गेल्या तीस वर्षांत निराळ्या रूपाने उभा राहिला आहे. तेथे गेलेले मुलगे, पुतणे, भाच्या ज्यांच्या घरी आहेत अशी मंडळी या सभेत थोडीथोडकी नसतील. म्हणून हा विषय आम्ही घेतला.

कॅनडाची राज्यघटना १८६७ ची. तिच्या ९५ व्या कलमाने शेती आणि परदेशी लोकांचे आगमन हे दोन विषय केंद्र व प्रांत या दोघांकडेही सोपविले. मतभेद झाल्यास केंद्राचा कायदा वरचढ. हे दोन विषय एकाच कलमात का बसावेत, असे आज वाटेल. त्या काळी माणूस बोलवायचा तो नांगर धरण्यासाठीच, हे त्याचे उत्तर. १८७२ च्या कायद्याने पश्चिमेकडील मैदानात दहा डॉलर फी भरणाऱ्याला १६० एकर जमीन मिळू लागली. अट एवढीच की तीन वर्षे तेथे राहावे व जमीन लागवडीस आणावी. ही जमीन मुळात ज्यांची होती त्या आदिवासी जमातींना व मेती लोकांना काय मिळाले, ही कथा फार दुःखाची आहे. ती एका स्वतंत्र व्याख्यानाची आहे. १८७४ मध्ये रशियातून जर्मनभाषी मेनोनाइट पंथाचे लोक मॅनिटोबात येऊन वसले, ते ध्यानात ठेवावे. त्यांच्याकडे पुन्हा यावयाचे आहे.

या साऱ्या काळात कलम कागदावर राहिले आणि कारभार ओटावाने हाकला. तो सर्वांना सारखा नव्हता. १९०८ मध्ये असा नियम झाला की येणाऱ्याने मायदेशातून थेट, वाटेत न थांबता आले पाहिजे. हिंदुस्थानातून तसे येणे जवळजवळ अशक्यच होते. १९१४ मध्ये 'कोमागाता मारू' हे जहाज ३७६ उतारू घेऊन व्हँकूवरला लागले. दोन महिने ते बंदरात अडकून राहिले आणि बहुतेक सर्व उतारूंसह परत धाडले गेले. स्वतंत्र भारताशी १९५१ मध्ये करार झाला, तोही वर्षाला १५० माणसांचा. वर्णभेदाच्या अटी १९६२ मध्ये गेल्या आणि १९६७ मध्ये गुणांची पद्धत आली: शिक्षण, भाषा, वय, धंदा यांना गुण द्यावयाचे आणि ठराविक गुण मिळवील त्याला घ्यावयाचे, मग तो कोणत्याही वर्णाचा असो.

ही पद्धत न्यायाची होती यात शंका नाही. पण तिने निवडलेला पदवीधर विमानातून उतरे तो टोरांटो, माँट्रियल किंवा व्हँकूवर येथे, आणि तेथेच राही. मॅनिटोबाची राजधानी विनिपेग. तेथील कपड्यांच्या कारखान्यांना शिवणयंत्र चालविणारे हात हवे होते. गुणांच्या तक्त्यात शिवणाऱ्या हाताला फारशी किंमत नव्हती. टोरांटोत मात्र परदेशातून आलेले डॉक्टर टॅक्सी हाकीत होते! परीक्षक एका गावी आणि गरज दुसऱ्या गावी, असा हा प्रकार.

वाट क्वेबेकने दाखविली. फ्रेंच भाषेच्या चिंतेने त्या प्रांताने १९६८ मध्ये स्वतःचे खाते उघडले, आणि १९९१ च्या करारापर्यंत आपले कुशल कामगार आपण निवडण्याचा अधिकार पदरात पाडून घेतला. मॅनिटोबाने प्रथम शिवणकाम करणाऱ्यांसाठी प्रयोग केला आणि १९९८ मध्ये केंद्राशी नामनिर्देशनाचा करार केला. पद्धत अशी: प्रांत उमेदवार निवडतो व त्याला शिफारसपत्र देतो, प्रकृती, गुन्हे, देशाची सुरक्षितता एवढे केंद्र तपासते आणि कायम रहिवासाचा हक्क देते. पुढे क्वेबेक व नुनावुत सोडून सर्व प्रांत-प्रदेशांनी ही वाट धरली. या वाटेने १९९९ मध्ये पाचशेच्या आसपास माणसे आली. २०१० मध्ये ती छत्तीस हजारांवर गेली.

मॅनिटोबातील विंकलर हे गाव पाहा. १८७० नंतर आलेल्या मेनोनाइटांनी वसविलेल्या मुलुखातले हे गाव. १९९८ नंतर त्याच पंथाची, त्याच बोलीची, रशियातून जर्मनीत गेलेली कुटुंबे शिफारसपत्र घेऊन तेथे आली. सुतार, वेल्डर, यंत्रकामगार अशी ही मंडळी. जुन्या रहिवाशांनी त्यांना घरे शोधून दिली, प्रार्थनामंदिरात जागा दिली. निपावा येथे डुकराच्या मांसाच्या कारखान्यासाठी फिलिपाइन्सचे कामगार आले. आधी तात्पुरत्या परवान्यावर सहा महिने काम करावयाचे, मालकाने कायम नोकरी द्यावयाची, मग शिफारस. पदवीधर नसलेल्या माणसाला ही दारे उघडली, हे या योजनेचे मोठे श्रेय आम्ही मानतो.

पण प्रांत बोलावतो, धरून ठेवू शकत नाही. १९८२ च्या हक्कांच्या सनदेचे सहावे कलम कायम रहिवाशाला कोणत्याही प्रांतात जाऊन राहण्याची मुभा देते. जुन्या जमीनदाराला तीन वर्षे बांधणारी १६० एकरांची दोरी आता नाही. प्रिन्स एडवर्ड बेटाने शिफारस केलेल्यांपैकी निम्मेही तेथे टिकले नाहीत, असे केंद्राच्या २०११ च्या पाहणीत दिसले. सहाव्या कलमात वाईट काही नाही, असेच आमचे मत आहे. ज्या गावी काम, सोबत आणि मुलांची शाळा मिळते तेथे माणूस राहतो. विंकलर राहिले ते कायद्याच्या जोरावर नव्हे.

खरा जाच शिफारसपत्र मिळण्याआधीच्या काळात आहे. तेव्हा माणूस उपरी असतो. परवाना पुष्कळदा एका मालकाच्या नावाशी बांधलेला, आणि हवी ती शिफारसही त्याच मालकाच्या नोकरीवर अवलंबून. पगार कमी दिला तरी तो तक्रार करील कशी? शिवाय नियम बदलण्याचा अधिकार प्रांताचा. २०२४ च्या फेब्रुवारीत प्रिन्स एडवर्ड बेटाने घरे व दवाखाने अपुरे पडतात या कारणाने शिफारसी चतुर्थांशाने घटविल्या आणि दुकाने व खाणावळी यांतील कामगारांना मागे सारून आरोग्यसेवा व बांधकाम यांतील लोकांना पुढे घेतले. कारण खोटे नव्हते. पण जुन्या नियमांच्या भरवशावर आलेल्या व दुकानांत राबणाऱ्या तरुणांनी, त्यांत बहुतेक भारतीय, मे महिन्यात शार्लटटाउन येथे धरणे धरले, उपोषणही केले. त्यांचे मागणे परवान्याची मुदत वाढवावी व आम्हांला जुन्या नियमाने तपासावे, एवढेच होते. त्याच महिन्यात मॅनिटोबाच्या यादीतील काही हजार कामगारांना केंद्राने मुदत वाढवून दिली.

या योजनेखाली सर्व प्रांत मिळून २०२४ साठी केंद्राने १,१०,००० माणसांचे लक्ष्य ठेवले होते. २०२५ साठी ते ५५,००० केले. प्रांतांनी कुरकूर केली, आणि २०२६ साठी आकडा पुन्हा ९१,५०० वर नेण्यात आला. मधल्या वर्षात ज्यांचा परवाना संपला व वाढवून मिळाला नाही, त्यांना या वाढीव आकड्याचा उपयोग नव्हता.