पांढरा चौकोन आणि उंदराच्या मिशा

चुलतबहिणीची लग्नपत्रिका करायला परवा साताऱ्याला गेलो होतो. काकांचं डीटीपीचं दुकान आहे आणि ते अजूनही पेजमेकर ७ वर चालतं. हसू नका. ही आवृत्ती २००१ ची, आणि शेवटचीच. पण श्रीलिपीत टाइप केलेल्या वीस वर्षांच्या पत्रिका, बिलबुकं, पतसंस्थांचे अहवाल सगळे त्यातच आहेत. नावं बदलली, तारीख बदलली की झाली नवी पत्रिका!

मी पुण्याहून मोठ्या ऐटीत गणपतीचं चित्र घेऊन गेलेलो, बॅकग्राउंड काढलेली छान पीएनजी. काकांनी ती टिफ करून केशरी पानावर ठेवली आणि गणपतीभोवती हा भला मोठा पांढरा चौकोन. मी म्हटलं, "काका, तुमचं सॉफ्टवेअर म्हातारं झालंय."

"पत्रिका छापायची आहे ना? मग बस इथे गप," काका म्हणाले, आणि फोटोशॉपमध्ये पेन टूल घेऊन गणपतीच्या कडेकडेने एकेक टिंब देत निघाले.

मी बसलो. पण तो चौकोन काही डोक्यातून जाईना. पुढचा अख्खा रविवार त्यातच गेला.

गंमत म्हणजे, पारदर्शकतेचं गणित पेजमेकरच्याही आधीचं आहे. न्यूयॉर्क इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत एड कॅटमल आणि ॲल्वी रे स्मिथ यांनी १९७७ च्या सुमारास चित्रातल्या प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरव्या, निळ्याबरोबर चौथा आकडा जोडला. हा ठिपका खालचं किती झाकतो? ० म्हणजे अजिबात नाही, १ म्हणजे पूर्ण, आणि मधलं काहीही चालतं. नाव दिलं अल्फा. १९८४ मध्ये लुकासफिल्ममधल्या थॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी याचं पूर्ण शास्त्रच मांडलं. मूळ हिशोब अगदी साधा: वरचा रंग गुणिले अल्फा, अधिक खालचा रंग गुणिले एक वजा अल्फा. आठवीतल्या पोरालाही जमेल.

मग १९८५ मध्ये आल्डसने पेजमेकर आणला तेव्हा हे त्यात का नव्हतं?

कारण पान शेवटी पोस्टस्क्रिप्टमधून छापलं जायचं, आणि ॲडोबीची ही भाषा ऑइलपेंटसारखी. वर जे फासाल त्याने खालचं झाकलं, आणि पांढरा हाही रंगच! त्याच वर्षी आलेल्या ॲपलच्या लेझररायटरमध्ये मेमरी होती दीड एमबी. त्यात पान म्हणजे नुसते काळे-पांढरे ठिपके. करड्या रंगाचीसुद्धा आधीच ठिपक्यांची जाळी झालेली. खालचा मूळ रंग शिल्लकच नाही, तर मिसळणार कशात?

पळवाटा दोनच होत्या. चित्र निव्वळ काळं-पांढरं असेल, म्हणजे एका बिटाची टिफ, तर त्यातला पांढरा भाग आपोआप आरपार. रंगीत असेल तर काका करत होते तेच: कडेने पाथ काढायचा, त्याला क्लिपिंग पाथ ठरवायचं आणि ईपीएस म्हणून सेव्ह करायचं. पाथच्या आतलं छापायचं, बाहेरचं नाही. त्यातही गोची होतीच. पोस्टस्क्रिप्ट नसलेल्या प्रिंटरवर ईपीएसऐवजी तिचा भरड प्रिव्ह्यू छापला जायचा. पाथमध्ये टिंबं फार झाली तर मोठं मशीनही लिमिटचेक नावाची एरर देऊन पान अर्ध्यावर सोडायचं. जमेल तितक्या कमी टिंबांत गोलाई बसवायची, हीच खरी कला. (काका सोंडेला फक्त सहा टिंबं देतात. मी मोजली.)

पुढचं थोडक्यात. २००१ च्या पीडीएफ १.४ मध्ये खरी पारदर्शकता आली, २००२ मध्ये इनडिझाइन २ ने ती पानावर आणली, क्वार्कने २००६ मध्ये. तरी प्लेट बनवणारी यंत्रं जुनीच, म्हणून पाठवण्याआधी पानाचे बारीक तुकडे करून सगळं पुन्हा अपारदर्शक करायचं, ज्याला फ्लॅटनिंग म्हणतात. स्क्रीनवर त्या सांध्यांत केसासारख्या पांढऱ्या रेघा दिसायच्या आणि गिऱ्हाईक भांडायला यायचं. म्हणजे १९७७ चं गणित छापखान्यात नीट पोचायला तीसेक वर्षं लागली.

त्या दिवशी काकांचा पाथ गणपतीच्या पायाशी, उंदरापर्यंत आला आणि थांबला. मिशा! पाथला आत किंवा बाहेर एवढंच कळतं, आणि केसाएवढी बारीक मिशी कडेला अर्धीमुर्धीच झाकत असते. माझ्या पीएनजीत ती अल्फामुळे झकास दिसत होती. मी काही बोलायच्या आत काकांनी पाथ सरळ गालावरून नेला.

"अहो काका, मिशा गेल्या!"

"कोण बघतंय?"

पत्रिका छापून आली, सहाशे वाटल्या. गणपती केशरी पानावर सुरेख बसलाय, चौकोनाचा मागमूस नाही. आणि उंदराबद्दल अजून तरी कोणीच विचारलेलं नाही.