सामाईक दप्तर आणि त्याची खबर

बेंगळुरूच्या जुन्या पेठेबाहेर १८९२ मध्ये आखून वसविलेल्या आणि महाराजा चामराजेंद्र वडियार यांचे नाव लाभलेल्या चामराजपेटेच्या सीमेलगत टिपू सुलतानाचा जो लाकडी राजवाडा उभा आहे, त्यात १८३१ पासून १८६८ पर्यंत म्हैसूर संस्थानाची मध्यवर्ती कचेरी, म्हणजेच ‘अठारा कचेरी’, भरत असे. अठारा खात्यांची ही रचना सतराव्या शतकात म्हैसूरचे राजे चिक्कदेवराज वडियार यांनी घालून दिली होती. पुढे टिपूचा पिता हैदर अली याच्या काळी महसुलाचे हिशेब कानडीबरोबर मराठीतही उतरवले जात आणि टिपूने त्यांत फारसीची भर घातली, तेव्हा एकाच व्यवहाराच्या दोन-तीन नोंदी वेगवेगळ्या कारकुनांच्या हाती राहत असत. एका नोंदीतील फेरफार दुसऱ्या कारकुनास वेळेवर कळविणे हा अशा कारभाराचा कणाच होय, आणि दप्तरांच्या इतिहासात त्याकडे फार थोडे लक्ष दिले गेले आहे.

कळविण्याचे हे काम संस्थानात ‘अंचे’ या टपालव्यवस्थेने केले. १६७२ मध्ये चिक्कदेवराजांनी सुरू केलेली ही व्यवस्था केवळ पत्रे पोहोचवीत नव्हती, तर तिचे सेवक आपापल्या भागात काय घडते याची खबर, कोणी न विचारता, दरबारास नियमाने देत. राजाने एकदा नेमणूक केली की पुढची खबर आपोआप येत राही, ही त्या काळाच्या मानाने विलक्षण सोय होती. १८८९ मध्ये अंचे ब्रिटिश टपालखात्यात विलीन झाली. कचेरीच्या आत मात्र आवक-जावक नोंदवही, जिला मराठी कचेऱ्यांत बारनिशी म्हणतात, आणि कागद हातोहात नेणारा शिपाई हेच सूचनेचे साधन होते. कारकून विसरला की सूचनाही खुंटे.

कागदी दप्तराची जागा संगणकाने घेतल्यावर सूचनेचा हाच प्रश्न नव्या रूपात पुढे आला. संगणकांच्या जाळ्यावर अनेकांनी एकच फोल्डर वापरण्याची पद्धत १९८० नंतरच्या दशकात रूढ होत गेली. असे फोल्डर सामाईक करणारी सन कंपनीची एनएफएस ही प्रणाली १९८४ची. बेंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था ज्या अर्नेट प्रकल्पात सहभागी होती, तो १९८६ मध्ये सुरू झाला आणि त्याने देशातील संशोधनसंस्थांना ईमेलने जोडले. आरंभीची स्वयंचलित सूचना ही खरे तर ठरावीक वेळाने केलेली फेरी होती: प्रोग्राम फोल्डरातील फाइलींची यादी आधीच्या यादीशी ताडून पाही आणि फरक दिसल्यास ईमेल धाडी. पुढे फेरफार होताक्षणी संगणकाची मूळ कार्यप्रणालीच प्रोग्रामला जागे करू लागली. लिनक्समध्ये २००५ साली आलेली ‘आयनोटिफाय’ ही सोय याच प्रकारची आहे.

यंत्राने शिपायाची फेरी वाचविली, तरी अंचेच्या वेळचा नेमणुकीचा प्रश्न त्याने सोडविलेला नाही. कोणत्या फोल्डरातील कोणता बदल, म्हणजे नवी फाइल, दुरुस्ती की काढून टाकणे, कोणास आणि किती तातडीने कळवावयाचा, हे आजही माणसालाच ठरवावे लागते आणि ते विचारपूर्वक ठरविणे अत्यंत महत्त्वाचे आहे, कारण प्रत्येक दुरुस्तीमागे एक ईमेल येऊ लागले की वाचणारा सर्वच सूचना न उघडता बाजूस सारतो. म्हणून रोजच्या किरकोळ बदलांसाठी दिवसाअखेरचा एकत्रित गोषवारा आणि हिशेब, करार यांसारख्या कागदांसाठी तत्काळ सूचना अशी विभागणी इष्ट ठरते. शिवाय ईमेलला मूळ फाइल न जोडता तिचा दुवाच पाठविल्यास फोल्डर उघडण्याचा अधिकार नसलेल्यास ती वाचता येत नाही आणि सर्वांसमोर एकच, ताजी प्रत राहते.