मा. केंद्र संचालक यांस, सा. न. वि. वि.

मालिका ऐन रंगात आलेली असते आणि मध्येच जाहिरात लागून आवाज एकदम दुप्पट होतो. अशा वेळी आपण काय करतो? रिमोट शोधतो, दोन शिव्या घालतो, फार तर मित्रांच्या ग्रुपवर खरडतो. पण चॅनेलला पत्र? छे! वाचणार कोण?

तर मंडळी, ह्या वीकांताचा विषय हाच: वाचणार कोण? ह्या प्रश्नाचं उत्तर गेल्या पन्नास वर्षांत तीनदा बदललंय.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं आणि १९७३ पासून सिंहगडावरच्या टॉवरमुळे पुण्यातही दिसायला लागलं. चॅनेल एकच, मालक सरकार. टीव्हीला लायसन्स लागायचं (ते १९८५ मध्ये रद्द झालं) आणि त्याची फी पोस्टात भरायची. म्हणजे पैसे पोस्टात आणि तक्रारही पोस्टातच! प्रेक्षक तेव्हा ग्राहक नव्हता, अर्जदार होता. पत्र केंद्र संचालकांकडे जायचं, आणि पुढे काय होणार ते त्यांच्या मर्जीवर.

तरी लोक लिहायचे, आणि धो धो लिहायचे. 'हम लोग' ही मालिका १९८४-८५ मध्ये लागायची. तिला सुमारे चार लाख पत्रं आली. अरविंद सिंघल आणि एव्हरेट रॉजर्स ह्या संशोधकांनी त्या पत्रांचा अभ्यास केला. पुढे 'सुरभि'ला तर एका आठवड्यात १४ लाखांवर पत्रं आली. १५ पैशांच्या कार्डांच्या ह्या पुरानं पोस्ट खातं इतकं वैतागलं, की स्पर्धेसाठी वेगळं दोन रुपयांचं कार्ड काढावं लागलं. टपालाला वजन असतं ते असं.

पण ही झाली कौतुकाची पत्रं. रागाचं पत्र कुठे जातं? कधी कधी थेट कोर्टात. जानेवारी १९८८ मध्ये गोविंद निहलानींची 'तमस' लागली, आणि ती थांबवा म्हणून मुंबई हायकोर्टात याचिका आली. सुरुवातीला स्थगिती मिळालीसुद्धा. मग न्या. लेंटिन आणि न्या. सुजाता मनोहर ह्यांनी एक साधी पण फार मोलाची गोष्ट केली. त्यांनी अख्खी मालिका स्वतः बघितली आणि स्थगिती उठवली. सुप्रीम कोर्टानंही फेब्रुवारीत तेच कायम केलं. त्यासाठी जुन्या नागपूर हायकोर्टाचे न्या. व्हिव्हियन बोस ह्यांची कसोटी वापरली: परिणाम मोजायचा तो समंजस, खंबीर माणसावरचा, जरा कशानं डळमळणाऱ्यावरचा नव्हे.

मग आलं केबल. १९९१ चं आखाती युद्ध, १९९२ मध्ये झी, आणि बघता बघता गल्लीगल्लीत वायरी. आता मालक बदलला आणि मोजमापही बदललं. टीआरपी आला.

मी राहतो मार्केट यार्डात. इथे पहाटेपासून सगळा कारभार काट्यावर चालतो. पोत्यात माल किती ते काटा सांगतो, पण कांदा सडका आहे का ते काटा सांगत नाही, त्यासाठी पोतं उघडावं लागतं. टीआरपीचंही तसंच. निवडक घरांत मीटर बसवतात आणि कोण काय बघतंय ते मोजतात. तुम्ही दात-ओठ खात बघितलंत तरी मीटरला ते बघणंच! चिडून बघणारा आणि आवडीनं बघणारा, दोघांचं वजन सारखं. पोतं उघडण्याचं काम फक्त तक्रारीचं पत्र करतं.

गंमत म्हणजे नियम तेव्हाच आले होते. १९९४ चे केबल नियम आणि १९९५ चा कायदा. त्यात जाहिरातींचा आवाज अवाजवी मोठा नको, असं चक्क लिहिलंय (नियम ७). तासाला १२ मिनिटांहून जास्त जाहिराती नकोत, हेही पुढे आलं. पण २०१३ मध्ये ट्रायनं ही मर्यादा लावायला घेतली तेव्हा चॅनेलवाले दिल्ली हायकोर्टात गेले आणि कारवाई अडकली.

नियम बोट ठेवून दाखवला की काय होतं, ते मुंबईत दिसलं. सेंट झेवियर्स कॉलेजच्या प्राध्यापिका प्रतिभा नैथानी ह्यांनी टीव्हीवरच्या 'ए' सिनेमांविरुद्ध याचिका केली. २१ डिसेंबर २००५ ला हायकोर्टानं असे सिनेमे दाखवायला मनाई केली. ऑगस्ट २००६ मध्ये तर मुंबईत सिनेमाची चॅनेलंच काही दिवस बंद पडली! एका प्रेक्षकाची एवढी ताकद. पण त्यात रात्री उशिरा सिनेमा बघणाऱ्या मोठ्या माणसांचंही दार बंद झालं, हेही विसरू नये.

तिसरं उत्तर त्यानंतरचं. बातम्यांसाठी २००८ मध्ये न्या. जे. एस. वर्मांच्या अध्यक्षतेखाली एनबीएसए आली. मनोरंजनासाठी २०११ मध्ये बीसीसीसी आली, तिचे पहिले अध्यक्ष सोलापूरचे न्या. अजित प्रकाश शहा. आणि जून २०२१ च्या नियमांनुसार चॅनेलनं तक्रारीची पोच २४ तासांत द्यायची आणि निर्णय १५ दिवसांत. पटलं नाही तर वर अपील. आम्हा आयटीवाल्यांच्या भाषेत, तिकीट नंबर मिळाला! आता वाचणाऱ्याला वाचणं भाग आहे.

म्हणूनच पत्र बग रिपोर्टसारखं लिहावं. चॅनेल, तारीख, वेळ, नेमकं काय दिसलं, कुठला नियम मोडला. "तुमचा दर्जा घसरलाय" ह्याला उत्तर नसतं. "अमुक तारखेला ९ वाजून १२ मिनिटांनी जाहिरातीचा आवाज" ह्याला द्यावं लागतं.

आणि सही करण्याआधी एकदा स्वतःला विचारावं, आपण "नियम पाळा" म्हणतोय की "मला आवडत नाही, बंद करा"? पोस्टाचं तिकीट दोन्हीला सारखंच लागतं. पण पहिल्या पत्रानं सगळ्यांचा टीव्ही सुधारतो, दुसऱ्यानं शेजाऱ्याचा बंद होतो. हे ओळखायला 'तमस'च्या वेळी दोन न्यायाधीश अख्खी मालिका बघत बसले होते. आपण निदान तो एपिसोड तरी पूर्ण बघावा, मग लिहावं. पण लिहावं नक्की.