निनावी पत्रांचे गाव : 'ल कोर्बो' आणि पिएर लार्के

१/
२८ सप्टेंबर १९४३. पॅरिस नाझी जर्मनीच्या ताब्यात जाऊन तीन वर्षे झाली होती. त्या दिवशी 'ल कोर्बो', म्हणजे 'डोमकावळा', हा चित्रपट प्रदर्शित झाला. वर्षभराच्या आत फ्रान्स मुक्त झाला आणि त्याच फ्रान्सने या चित्रपटावर बंदी घातली. असे का घडले?

(सावधान : पुढे रहस्याचा उलगडा आहे.)

२/
कथा साधी आहे. एका लहान गावात निनावी पत्रे येऊ लागतात. सही एकच : 'डोमकावळा'. डॉक्टर जेर्मँ गर्भपात करतात, असा पत्रांतील आरोप. हळूहळू घराघरातील गुपिते उघडी पडतात. एक रुग्ण पत्र वाचून आत्महत्या करतो. गावातील प्रत्येक जण दुसऱ्याकडे संशयाने पाहू लागतो.

३/
हे पूर्णतः कल्पित नव्हते. १९१७ ते १९२२ या काळात फ्रान्समधील त्यूल या गावाला अशाच पत्रांनी छळले होते. अखेरीस गुन्हेतज्ज्ञ एदमाँ लोकार यांनी संशयितांकडून श्रुतलेखन करवून घेतले आणि आँजेल लाव्हाल ही स्त्री सापडली. चित्रपटातही श्रुतलेखनाचा प्रसंग आहे. लुई शाव्हाँस यांनी ही पटकथा युद्धापूर्वीच लिहून ठेवली होती.

४/
मात्र १९४३ मध्ये त्या कथेचा अर्थ पालटला होता. शेजाऱ्याविरुद्ध, सहकाऱ्याविरुद्ध, ज्यू कुटुंबांविरुद्ध अधिकाऱ्यांकडे निनावी पत्रे धाडणे हा तेव्हाच्या फ्रान्समधील रोजचा व्यवहार झाला होता. १९४२ च्या व्हिशी कायद्याने गर्भपात हा देहान्ताच्या शिक्षेस पात्र गुन्हा ठरला होता. चित्रपट येण्याच्या दोनच महिने आधी, ३० जुलै १९४३ रोजी, मारी-लुईझ जिरो या स्त्रीचा त्यासाठी गिलोटिनखाली शिरच्छेद झाला. म्हणजे पडद्यावरील तो आरोप प्रेक्षकांच्या लेखी जीवघेणा होता.

५/
मग हा पत्रलेखक कोण? येथे पिएर लार्के पुढे येतात. १८८४ साली जन्मलेले हे चरित्र अभिनेते तोवर साठीला टेकले होते. प्रेमळ काका, गरीब कारकून, भोळा शेजारी अशा दुय्यम भूमिका हे त्यांचे क्षेत्र. नायक त्यांच्या वाट्याला क्वचितच आला. पण अनेक चित्रपटांमुळे प्रेक्षकांना तो चेहरा घरातल्या माणसासारखा परिचयाचा झाला होता.

६/
दिग्दर्शक आँरी-जॉर्ज क्लुझो यांनी नेमका याच विश्वासाचा उपयोग केला. मिश्कील वृद्ध मनोविकारतज्ज्ञ डॉ. व्होर्झे यांची भूमिका त्यांनी लार्के यांना दिली. शेवटी कळते, की विष ओतणारा हात याच हसतमुख माणसाचा आहे.

७/
चित्रपटातील सर्वांत गाजलेला प्रसंग : व्होर्झे टांगलेल्या दिव्याला झोका देतात. उजेड आणि अंधार भिंतीवर जागा बदलत राहतात. चांगले कुठे संपते आणि वाईट कुठे सुरू होते, हा त्यांचा प्रश्न. जेर्मँ दिवा थांबवायला जातात आणि त्यांचा हात पोळतो. सीमारेषा ठाम आहे, असे मानणाऱ्याला मिळालेले हे उत्तर.

८/
अडचण अशी, की या चित्रपटाची निर्माती 'काँतिनाँताल' ही कंपनी जर्मनांनी पॅरिसमध्ये स्थापिली होती आणि आल्फ्रेड ग्रेव्हेन हा जर्मन तिचा प्रमुख होता. प्रतिकार चळवळीच्या भूमिगत पत्राने आरोप केला : हा चित्रपट फ्रेंच समाज किडका दाखवून शत्रूच्या प्रचाराला हातभार लावतो. दुसरीकडे व्हिशीसमर्थक आणि धर्मनिष्ठ मंडळींना तो अनैतिक वाटला. परस्परांचे वैरी असलेले दोन्ही पक्ष एकाच चित्रपटावर संतापले होते.

९/
मुक्तीनंतर हिशेब झाला. नायक पिएर फ्रेने आणि नायिका जिनेत लक्लेर यांना तुरुंगवास घडला. क्लुझो यांच्यावर प्रथम आजन्म बंदी आली. झाँ कोक्तो, झाँ-पोल सार्त्र आदींनी त्यांची बाजू घेतली आणि पुढे ती मुदत दोन वर्षांवर आली.

१०/
१९४७ मध्ये क्लुझो 'के देझोर्फेव्र' हा पोलीस रहस्यपट घेऊन परतले आणि त्यांना व्हेनिस महोत्सवात दिग्दर्शनाचे पारितोषिक मिळाले. त्यातही लार्के आहेत, या वेळी टॅक्सीचालक म्हणून. पोलिसांच्या दबावापुढे नाइलाज होऊन तो एका स्त्रीची ओळख पटवतो आणि तिचीच क्षमा मागतो. व्होर्झे हौसेने चुगली करतो, तर हा म्हातारा लाजेने मान खाली घालून साक्ष देतो. एकाच अभिनेत्याने चार वर्षांच्या अंतराने ही दोन्ही टोके साकारली.

११/
१९५५ च्या 'ले दियाबोलिक'मध्ये लार्के शाळेतील वृद्ध शिक्षक म्हणून दिसतात. १९६२ साली त्यांचे निधन झाले.

१२/
'ल कोर्बो'वरील बंदी उठली. टीकाकारांनी त्याला फ्रान्सची बदनामी म्हटले होते. पण आज फ्रेंच भाषेत निनावी पत्रे लिहिणाऱ्याला 'कोर्बो'च म्हणतात. समाजाने ज्या आरशावर पडदा टाकला, त्याच आरशाकडून त्या दुर्गुणाचे नाव उसने घेतले.