रानपिंगळा आणि भिंतीवरचा कोळी

दुपारी मोबाइलवर रानपिंगळ्याबद्दल वाचत होतो, तेवढ्यात स्क्रीनवर टुणकन एक कोळी येऊन बसला. नखाएवढा, केसाळ, पुढे दोन टपोरे डोळे. मी बोट हलवलं तसा तो अख्खा वळून माझ्याकडे बघायला लागला. फोटोतला पिंगळाही तसाच बघत होता. दोघंही दिवसा शिकार करणारे. घुबडाचे डोळे खोबणीत फिरत नाहीत म्हणून ते मान फिरवतं. कोळ्याला मानच नाही, म्हणून तो सगळाच वळतो.

कागदोपत्री मात्र दोघांचं नशीब वेगळं. या कोळ्याचं शास्त्रीय नाव प्लेक्सिपस पेकुली, 1826पासूनचं. तो हरवला असं तेव्हापासून कोणी म्हटलं नाही, त्याला शोधायलाही कोणी निघालं नाही. आमच्याकडे तो नुसता 'कोळी'. जाळं न विणता झेप घेऊन माश्या पकडतो, तरी जळमटांचा आळ त्याच्यावरच. आईची केरसुणीही त्याच्यावरच.

रानपिंगळ्याला ह्यूमने 1873मध्ये नाव दिलं. 1884पर्यंत जेमतेम सात नमुने जमले, त्यांतले काही खानदेशात नोकरीला असलेल्या डेव्हिडसनने मिळवलेले. मग काहीच नाही. अपवाद एकच: 1914मध्ये गुजरातेत मांडवीला एक मारल्याचा कर्नल माइनर्ट्झहागेन यांचा दावा. हा पक्षी नामशेष झाला असंच बहुतेकांनी धरलं होतं.

पामेला रासमुसेन यांनी कर्नलसाहेबांचा तो नमुना तपासला. तो निघाला डेव्हिडसनचाच! ब्रिटिश म्युझियममधून चोरलेला, पुन्हा भरून नवी चिठ्ठी लावलेला. म्हणजे लोक एका खोट्या चिठ्ठीवर विसंबले होते. मांडवी यादीतून खोडली, जुनी खरी ठिकाणं उरली. 25 नोव्हेंबर 1997ला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अॅबट यांना शहाद्याजवळ रानपिंगळा दिसला. 113 वर्षांनी, आणि तोही भर दिवसाउजेडी, उघड्या झाडावर.

पुढे मेळघाटात सापडला, 2014मध्ये मुंबईजवळच्या तानसा अभयारण्यातही. 'नामशेष' या शब्दाचा मला तेव्हापासून जरा रागच येतो. शहादा-तळोद्याच्या पाड्यांवरच्या माणसांना 113 वर्षं तो दिसलाच नसेल? त्यांना कोणी विचारलं होतं का?

कोळी अजून स्क्रीनवर होता. मी फोन भिंतीला टेकवला, तर उडी मारून गेला. आईला सांगितलं नाही.